शाप नव्हे, कुऱ्हाड!

‘अमेरिकेतलं शापित गाव’ अशा मथळ्याचे व्हिडिओ अधूनमधून कुणी ना कुणी मला पाठवतं, कारण मी सेंट लुईसला राहते आणि ते गाव इथून गाडीने साधारण दीड तासावर आहे. गावाचं नाव कॅस्कॅस्किया. व्हिडिओतली गोष्ट ठरलेली. फ्रेंच व्यापाऱ्याची मुलगी, तिच्यावर जीव जडलेला मूलनिवासी तरुण. बापाने त्याला ओंडक्याला बांधून मिसिसिपीत सोडून दिलं आणि बुडता बुडता तो म्हणाला, हे गाव नदी गिळेल. नदीने गिळलं. मागे बासरी, वर ढग, खाली ‘सबस्क्राइब करा’.

लोककथा असायला माझी काहीच हरकत नाही. पण या कथेमुळे खरे आरोपी दीडशे वर्षं मोकळे फिरतायत, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

आधी नकाशा उघडा. इलिनॉय आणि मिसूरी या दोन राज्यांची हद्द म्हणजे मिसिसिपी नदी. पूर्वेला इलिनॉय, पश्चिमेला मिसूरी, शाळेतल्या पोरालाही कळेल इतकं सोपं. पण सेंट लुईसच्या दक्षिणेला एका ठिकाणी इलिनॉयचा एक तुकडा नदीच्या पश्चिमेला पडलेला दिसेल. तेच कॅस्कॅस्किया. तिथे जायला स्वतःच्या राज्यातून थेट रस्ता नाही. मिसूरीतल्या सेंट मेरी गावात जायचं, तिथून नदीच्या जुन्या पात्रावरचा छोटा पूल ओलांडायचा, की तुम्ही परत इलिनॉयमध्ये. पत्त्यावरचा पिनकोड मिसूरीचा, फोनचा एरिया कोड इलिनॉयचा. मतदान इलिनॉयचं, रस्त्यांची डागडुजी इलिनॉयची. लोकसंख्या २००० साली ९, २०१० साली १४, २०२० साली २१. टक्क्यांत मांडलं तर पुणं मागे पडेल.

आणि ही इलिनॉयची पहिली राजधानी. ज्या राज्यात आज शिकागो आहे, त्या राज्याची.

गाव वसलं १७०३ साली. फ्रेंच जेझुइट पाद्री आणि कॅस्कॅस्किया जमातीचे लोक उत्तरेकडून इथे येऊन स्थिरावले. जागा अशी, की पश्चिमेला मिसिसिपी, पूर्वेला कॅस्कॅस्किया नदी, आणि मधल्या जमिनीच्या जिभेवर गाव. दोन नद्यांच्या मधली मळीची जमीन म्हणजे काय चीज असते हे आमच्या सांगलीकडच्यांना सांगायला नको. गहू असा पिकायचा की पीठ होड्यांत भरून पार खाली न्यू ऑर्लिन्सला जायचं. फ्रेंच लुइझियाना या वसाहतीचं पोट बऱ्याच अंशी या पट्ट्यावर चालायचं. शेतं अरुंद आणि लांबच लांब, पट्ट्यासारखी आखलेली. त्यात राबणाऱ्यांत विकत घेतलेले आफ्रिकन आणि मूलनिवासी गुलामही होते. पर्यटकांच्या माहितीपत्रकांत हा भाग नेहमी शेवटी, बारीक टायपात असतो.

फ्रेंच गेले, १७६३ च्या तहाने इंग्रज आले. १७७८ मध्ये ४ जुलैच्या रात्री इंग्रजांशी लढणाऱ्या अमेरिकनांचा सेनानी जॉर्ज रॉजर्स क्लार्क पावणेदोनशे माणसं घेऊन आला आणि एकही गोळी न झाडता गाव ताब्यात घेतलं. त्या वेळी वाजवलेली म्हणतात ती घंटा आजही गावात आहे. १७४१ साली फ्रान्समध्ये ला रोशेलला ओतलेली, पंधराव्या लुईची भेट. फिलाडेल्फियाच्या ज्या ‘लिबर्टी बेल’समोर रांगा लागतात, तिच्यापेक्षा ही वयाने मोठी. चर्चशेजारी विटांची एक छोटी खोली आहे, त्यात ती ठेवलीय. ओतीव अक्षरांत फ्रेंच मजकूर, इलिनॉयच्या चर्चसाठी समुद्रापलीकडच्या राजाकडून, अशा अर्थाचा. गंमत म्हणजे रांग सोडाच, तिथे माणूसही नसतो. तुम्ही, घंटा, आणि चहूबाजूंनी सोयाबीन.

१८०९ ला हे इलिनॉय टेरिटरीचं (राज्य होण्याआधीच्या प्रांताचं) मुख्य ठाणं झालं, १८१८ ला राज्याची राजधानी. राज्यघटना इथे लिहिली गेली, विधिमंडळ भाड्याच्या इमारतीत भरलं. या घटनेत एक हुशारी आहे. गुलामगिरी ‘यापुढे आणता येणार नाही’ असं लिहिलं, म्हणजे जी आधीच होती तिला धक्का नाही. पहिला लेफ्टनंट गव्हर्नर पिअर मेनार्ड स्वतःच गुलामांचा मालक, मग दुसरं काय होणार? दोनच वर्षांत, १८२० ला, राजधानी वँडेलियाला गेली. तेही याच कॅस्कॅस्किया नदीवर, फक्त वरच्या अंगाला.

आता मुद्द्यावर येते.

१८१७ साली सेंट लुईसच्या धक्क्याला पहिली वाफेची बोट लागली आणि पुढच्या काही दशकांत मिसिसिपीवर बोटींची रीघ लागली. बोटीला इंधन लागतं, इंधन म्हणजे लाकूड, आणि सर्वांत सोयीचं लाकूड म्हणजे काठावरचं. बोट थांबवायची, रचून ठेवलेली लाकडं भरायची, पुढे निघायचं. काठावरचे शेतकरी झाडं तोडून बोटवाल्यांना लाकूड विकायचे, नगदी पैसा. सेंट लुईसपासून ओहायो नदीच्या संगमापर्यंतचे काठ असे मैलोन्मैल बोडके झाले. नदीकाठची माती मुळांच्या जाळीने धरलेली असते. मुळं गेली की पुराच्या पाण्याखाली काठ ढासळतो, नदी रुंद आणि उथळ होते, गाळाचे दांडे पडतात, प्रवाह एकदा इकडे धडक देतो, एकदा तिकडे. पूर आधीही यायचे. पण झाडं असताना नदी अंग झाडायची, आता कूस बदलायला लागली.

१८४४ च्या महापुराने गावाचं कंबरडं मोडलं. काही वर्षांतच काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, ठाणं चेस्टरला हललं, व्यापारीही गेले. (चेस्टर म्हणजे पॉपाय या कार्टूनच्या जनकाचं गाव, तिथे पॉपायचा पुतळा आहे आणि कॅस्कॅस्कियापेक्षा त्याच्यासोबत फोटो काढणारेच जास्त.) मग १८८१ चा वसंत. गावाच्या उत्तरेला मिसिसिपी आणि कॅस्कॅस्किया या दोन नद्यांच्या मध्ये जमिनीची एक अरुंद मान उरली होती. दरवर्षी झिजत होती, सगळ्यांना दिसत होती. त्या एप्रिलमध्ये मिसिसिपी ती फोडून पलीकडच्या नदीत घुसली. कॅस्कॅस्किया नदीचं पात्र केवढं, मिसिसिपी केवढी! खालचं दहाएक मैल पात्र तिने बळकावलं आणि स्वतःच्या मापाचं होईपर्यंत काठ खात सुटली. त्याच काठावर गाव होतं.

एका रात्रीत बुडालं वगैरे काही नाही. वर्षानुवर्षं, एकेक गल्ली, एकेक घर असं गेलं. लोक दारं-खिडक्या काढून नेत होते. हे शापवाल्या व्हिडिओत बसत नाही, कारण यात ढगांचा गडगडाट नाही. कबरींचं काय करायचं हा प्रश्न आला, तेव्हा सरकारी पैशातून हजारो मृतांचे अवशेष उकरून पूर्वेच्या टेकडीवर नेले आणि पुन्हा पुरले. जिवंत माणसांपैकी जी उरली ती १८९३ च्या सुमाराला जुन्या आणि नव्या पात्रांच्या मध्ये झालेल्या बेटावरच दक्षिणेकडे सरकली. तिथे चर्च उभं राहिलं, घंटा गेली, शाळा झाली. आजचं गाव ते.

हद्द का हलली नाही, असं मला हमखास विचारतात. अमेरिकेतला नियम असा, की नदी हळूहळू, कणाकणाने सरकली तर हद्द तिच्याबरोबर सरकते. पण नदीने एकदम उडी मारून नवं पात्र धरलं तर हद्द जुन्या पात्रातच राहते, मग ते कोरडं पडलं तरी. १८९२ मध्ये नेब्रास्का विरुद्ध आयोवा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं. म्हणून मिसिसिपी पूर्वेला गेली, पण इलिनॉय पश्चिमेला राहिलं. गावातून समोरची टेकडी दिसते, सरळ रेषेत दोन-तीन मैल. पण आपल्याच राज्यातल्या त्या टेकडीवर जायचं तर मिसूरीत शिरा, दक्षिणेला जा, चेस्टरचा पूल ओलांडा, परत उत्तरेला या.

शापाच्या कथेवर माझा दुसरा आक्षेप याहून मोठा आहे. त्या कथेत मूलनिवासी माणूस फक्त मरायला आणि शाप द्यायला येतो. खऱ्या कॅस्कॅस्किया जमातीचं काय झालं? १८०३ मध्ये विल्यम हेन्री हॅरिसनने अमेरिकी सरकारतर्फे त्यांच्याशी तह केला आणि इलिनॉयमधला अफाट मुलूख सरकारच्या पदरात पडला. १८३२ च्या तहात उरलंसुरलंही गेलं. जमात पश्चिमेला हलवली गेली, आधी कॅन्ससला, मग ओक्लाहोमाला. आज तिचे वंशज तिथल्या पिओरिया जमातीत आहेत. ज्यांच्या नावाचं गाव, त्यांना नदीने नाही उठवलं; कागदाने उठवलं, आणि जमिनीची ती मान फुटायच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी. शापाला काही अर्थ असता तर तो व्हाइट हाउसवर पडायला हवा होता. हॅरिसन पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि महिन्याभरात गेला. पण ते राहू दे, नाहीतर मीही शापांवर विश्वास ठेवायला लागेन.

आता लोकांचा आवडता प्रश्न: इतकं होऊनही तिथे कोणी राहतं कशाला? १९९३ च्या पुरात बांध फुटला, २२ जुलैला. चर्च, घरं, घंटेची खोली, सगळं पाण्यात गेलं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलं यावर रात्र काढलेल्या माझ्यासारखीला तो अंदाज लिहून सांगावा लागत नाही. पाणी ओसरल्यावर बांध परत बांधला. मूठभर लोकांसाठी सरकारी पैसा का, म्हणून टीका झाली. माझं मत विचाराल तर बांध घरांसाठी नाहीच, तो मका-सोयाबीनसाठी आहे. तिथे शेती करणारे सगळे काही गावात राहत नाहीत. हे एकदा उघड बोललं की चर्चा नीट होते. आणि दोन्ही काठांना उंच बांध घातले की पाणी मधे कोंडून अजून वर चढतं, हेही खरं. त्याची किंमत दुसरं कुणीतरी मोजतं.

शेजारीच वेगळी उदाहरणं आहेत. मिसूरीच्या काठावरचं सेंट जेनेव्हिव्ह हेही फ्रेंच गाव. १७८५ च्या पुरानंतर ते लोक हळूहळू उंचावर सरकले, पण खालचं मोठं सामाईक शेत सोडलं नाही. आजही ते कसलं जातं, आणि वर अठराव्या शतकातली लाकडी घरं उभी आहेत. इलिनॉयचं वाल्मेयर गाव १९९३ ला बुडालं, तर अख्खं गाव टेकडीवर नव्याने वसवलं. घरं वर, शेती खाली: मला हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो. कॅस्कॅस्कियाला तो १८४४ नंतर घेता आला असता. पण जे २१ जण राहतायत त्यांना वेडे ठरवायला मी तयार नाही. ती काळी माती एकदा हातात घेऊन बघा.

कुणाला जायचं असेल तर: आधी इलिनॉयच्या बाजूला फोर्ट कॅस्कॅस्कियाच्या टेकडीवर जा. खाली जे पाणी दिसतं, जुनं गाव तिथेच कुठेतरी होतं. त्या टेकडीखाली मेनार्डचं घर उभं आहे, फ्रेंच पद्धतीचं, लांबलचक ओसरीचं. मग चेस्टरवरून वळसा घालून सेंट मेरीमार्गे बेटावर. पेट्रोल आणि खाणं आधीच घ्या, गावात दुकान शोधत बसू नका. पाऊसपाणी जास्त असेल तर नदीची पातळी बघून निघा. आणि ते व्हिडिओ मला पाठवणं आता तरी बंद करा.