एसेक्सच्या जुन्या लाकडी घरांवर सिमेंट थापणं थांबवा

इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात बांधकामाचा चांगला दगड जवळपास मिळतच नाही. म्हणून तिथल्या लोकांनी रोमनांच्या पडक्या इमारतींच्या विटा पुन्हा वापरल्या (कोल्चेस्टर शहरातल्या होली ट्रिनिटी चर्चचा सॅक्सन काळातला मनोरा बघा) आणि बाकी बहुतेक सगळं ओकच्या लाकडात उभं केलं. तिथल्याच क्रेसिंग टेंपल या ठिकाणची दोन अवाढव्य कोठारं 13व्या शतकातली आहेत, अजून ताठ उभी. गावातली घरंही ओकच्या सांगाड्याचीच. मधल्या जागेत कूड, म्हणजे काठ्यांवर माती, गवत आणि शेण, वरून चुन्याचा गिलावा. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

अशा भिंतीत पाणी शिरतंच, पण चुन्यातून ते उडूनही जातं. 20व्या शतकात यातल्या असंख्य घरांवर सिमेंट चढवलं गेलं. ओक ऋतूप्रमाणे हलतो, सिमेंट हलत नाही, त्यामुळे केसासारख्या भेगा पडतात. तिथून आत गेलेलं पाणी सिमेंटमागे अडकतं आणि खाली उतरतं. सगळ्यात आधी कुजतं ते पायावरचं आडवं लाकूड, कारण सगळं पाणी तिथेच साचतं. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, मागोमाग लाकूड पोखरणारा डेथवॉच भुंगेरा येतो. बाहेरून भिंत मात्र स्वच्छ रंगवलेली दिसते!

दुरुस्ती करताना सिमेंट ब्रेकरने फोडू नका, कूड हादरून गळून पडतो. आधी छोटा तुकडा काढून मागे काय आहे ते बघा. सिमेंटखाली धातूची जाळी ठोकलेली असेल तर तिचे खिळे एकेक करून उपटा. गळलेली माती फेकू नका. भिजवून, नवं गवत घालून तीच परत लावता येते. गिलाव्याला मुरलेल्या चुन्याचा 1 भाग, टोकदार कणांच्या वाळूचे 3 भाग आणि बकरीचे केस. केस वापरायच्या वेळीच मिसळा, ताज्या गरम चुन्यात ते जळतात. गिलाव्याखाली लाकडी पट्ट्या असतील तर त्या आधी ओल्या करा, नाहीतर त्या पाणी शोषतात आणि गिलावा सुटतो. तीन पातळ थर द्या, वर ओलं गोणपाट टांगा. तापमान 5 अंशांखाली जाणार असेल तर काम सुरूच करू नका. ‘चुन्यात थोडं सिमेंट टाकू, लवकर सुकेल’ हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. त्यात दोन्हींचे गुण जातात.

इंग्लंडमध्ये असं घर घेणाऱ्या मराठी मंडळींनी हेही लक्षात ठेवावं: घर संरक्षित यादीत असेल तर त्याचं स्वरूप बदलणारं काम, अगदी आतलंसुद्धा, परवानगीशिवाय करणं फौजदारी गुन्हा आहे. आधीच्या मालकाने केलेलं बेकायदा काम सुधारण्याची नोटीस नव्या मालकाला येऊ शकते.

आणि तुळयांवर वाळूचा फवारा मारून त्या ‘उजळवू’ नका. सुतारांनी सांधे जुळवायला कोरलेले रोमन आकडे आणि वाकसाचे (लाकूड तासायच्या हत्याराचे) घाव त्याने पुसले जातात. सालीलगतचं मऊ लाकूडही निघून जातं. वर्षवलयांवरून झाड कोणत्या वर्षी तोडलं हे काढायला सालीपर्यंतची शेवटची वलयं लागतात, ती गेली की नेमकं वर्ष कोणालाच सांगता येत नाही.