अंगी लागणे, न लागणे : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

सडपातळ आणि स्थूल माणसांविषयीच्या माझ्या मागील लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय थोडक्यात सांगते. आपले म्हणणे असे, की शरीर म्हणजे जमाखर्चाची वही आहे, जास्त खाल्ले की वजन वाढते आणि यापलीकडे जे काही सांगितले जाते त्या सबबी आहेत. चाळीस वर्षांत माणसाची जनुके बदलत नाहीत, त्यामुळे वाढत्या स्थूलतेसाठी आनुवंशिकतेकडे बोट दाखवणे ही फसवणूक आहे. आपल्या लहानपणी गावात जाड माणूस शोधूनही सापडत नसे. आणि आपण स्वतः वयाच्या सहासष्टाव्या वर्षीही 58 किलोच आहात, ते केवळ जिभेवर ताबा ठेवल्यामुळे. लेखिका स्वतः स्थूल असावी आणि म्हणून तिने हे वकीलपत्र घेतले असावे, असेही आपण शेवटी सुचवले आहे.

या शेवटच्या मुद्द्याचा निकाल आधी लावते. माझे वजन 46 किलो आहे, कॉलेजात असल्यापासून ते दोन-तीन किलोंपलीकडे हललेले नाही, आणि ‘पाप्याचं पितर’ हे विशेषण मी माहेरी आणि सासरी दोन्हीकडे पुरेसे ऐकलेले आहे. वकीलपत्र घेतलेच असेल तर ते माझ्या थोरल्या बहिणीचे आहे. आम्ही दोघी एकाच स्वयंपाकघरात, एकाच आईच्या हातचे खाऊन वाढलो. ती दहावीनंतर अंगाने भरत गेली आणि मी काटकुळीच राहिले. मला यासाठी कधी काही करावे लागले नाही, तिने मात्र पंचवीस वर्षे काही ना काही केले आहे, आणि तरीही कौतुक माझ्या वाट्याला येते व उपदेश तिच्या. मूळ लेख या विषमतेविषयी होता.

आता जिथे आपण बरोबर आहात ते मान्य करते. ‘काही माणसे कितीही खाल्ले तरी वाढत नाहीत’ हे माझे वाक्य चुकीचे होते. माणूस स्वतःच्या खाण्याविषयी जे सांगतो त्यावर फारसा विश्वास ठेवता येत नाही, हे मला ठाऊक असूनही मी ते लिहिले. न्यूयॉर्कमध्ये 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘मी अगदी कमी खातो तरी वजन उतरत नाही’ अशी तक्रार असलेल्या लोकांचा प्रत्यक्ष ऊर्जाव्यय मोजण्यात आला, तेव्हा त्यांनी आपले खाणे जवळजवळ निम्म्याने कमी सांगितल्याचे आढळले, आणि आपली हालचाल प्रत्यक्षाहून कितीतरी जास्त सांगितली होती. त्यांच्या चयापचयात मात्र काही दोष नव्हता. हा अभ्यास आपल्या बाजूचा आहे, पण त्याचे दुसरे टोक माझ्यासारख्यांनाही लागते. लग्नाच्या पंगतीत चार जिलब्या खाणारी लुकडी मुलगी सर्वांच्या लक्षात राहते, आणि त्याच रात्री ती ‘भूकच नाही’ म्हणून नुसते ताक पिऊन झोपते, हे कोणी पाहत नाही. अनेक सडपातळ माणसे खरोखरच कमी खातात, परंतु त्यांना तसे ठरवावे लागत नाही. माझे वाक्य चुकले ते इथे, आणि आपला निष्कर्षही माझ्या मते इथेच चुकतो.

जमाखर्चाचा नियम मलाही मान्य आहे. ऊर्जा हवेतून येत नाही आणि हवेत जिरत नाही. प्रश्न एवढाच आहे, की ही वही लिहितो कोण. आपण असे गृहीत धरता, की जमेची बाजू इच्छाशक्ती लिहिते आणि खर्चाची बाजू व्यायाम. ही समजूत तपासण्याचा एक सरळ मार्ग होता: काही निरोगी माणसांना एका जागी ठेवायचे, सर्वांना गरजेपेक्षा सारखेच जास्त खायला घालायचे आणि वजने पाहायची. कॅनडातील क्वेबेक येथील लाव्हाल विद्यापीठात क्लोद बुशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे केले आणि 1990 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी एकसारख्या जुळ्या तरुणांच्या 12 जोड्या घेतल्या आणि शंभर दिवसांच्या काळात आठवड्यातील सहा दिवस, असे एकूण 84 दिवस, प्रत्येकाला रोज 1000 किलोकॅलरी अतिरिक्त आहार दिला. म्हणजे प्रत्येकाच्या वहीत जमेला 84,000 किलोकॅलरी अधिक पडल्या, कुणाला कमी नाही की जास्त नाही. सरासरी वजनवाढ 8.1 किलो झाली; पण एकाचे वजन 4.3 किलोंनी वाढले, तर दुसऱ्याचे 13.3 किलोंनी. तेच अन्न, तेवढेच दिवस, देखरेखीखालचे जगणे आणि तरीही तिपटीचा फरक. याहून बोलका भाग पुढे आहे. ज्याचे वजन कमी वाढले त्याच्या जुळ्या भावाचेही बहुधा कमीच वाढले, आणि ज्याचे जास्त वाढले त्याच्या भावाचेही जास्त. वजनवाढीतील तफावत एका जोडीतल्या दोघांमध्ये जेवढी होती, तिच्या किमान तिप्पट ती वेगवेगळ्या जोड्यांमध्ये होती. चरबी कुठे साठली, पोटावर की अन्यत्र, यातही भावाभावांत साम्य होते. या चोवीस तरुणांपैकी कुणाचा स्वभाव संयमी होता आणि कुणाचा अधाशी, याला या प्रयोगात काही स्थानच नव्हते, कारण ताटात किती पडेल हे त्यांच्या हातात नव्हते. आणि आपल्या बाजूचेही नोंदवायला हवे, की वजन प्रत्येकाचे वाढले. ‘कितीही खाल्ले तरी’ या माझ्या शब्दांना इथे आधार नाही.

हा अतिरिक्त भाग कुठे जिरतो, यावर अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हिन यांनी 1999 साली एक उत्तर दिले. त्यांनी 16 जणांना आठ आठवडे रोज 1000 किलोकॅलरी जादा दिल्या. कुणाच्या अंगावर जेमतेम 0.36 किलो चरबी चढली, कुणाच्या 4.23 किलो. ज्यांना कमी चढली त्यांची नकळत होणारी हालचाल वाढली होती: उठबस, पाय हलवणे, उभे राहून बोलणे, ताठ बसणे, ज्याला कोणी व्यायाम म्हणणार नाही अशी. हे वाचल्यावर मला फार आनंद झाला होता, कारण ‘चुळबुळी’ हे माझे दुसरे टोपणनाव. परंतु चीनमधील संशोधकांनी 2022 साली निरोगी आणि अतिसडपातळ प्रौढांची मोजमापे प्रसिद्ध केली, तेव्हा या सुंदर स्पष्टीकरणाला तडा गेला. ही माणसे सर्वसाधारण वजनाच्या लोकांपेक्षा 23 टक्के कमी हालचाल करत होती आणि 12 टक्के कमी खात होती. विश्रांतीच्या अवस्थेतील त्यांचा ऊर्जाव्यय मात्र त्यांच्या शरीराच्या आकारमानावरून अपेक्षित होता त्याहून अधिक होता. या दोन अभ्यासांत थेट विरोध आहे असे मी म्हणणार नाही, कारण पहिल्यात माणसांना मुद्दाम जास्त खाऊ घातले होते आणि दुसऱ्यात ती आपापले रोजचे जीवन जगत होती. पण सडपातळ राहण्याची एकच एक युक्ती शरीराकडे नाही, एवढे यातून दिसते. आणि यांपैकी कोणत्याही वाटेवर मनोनिग्रहाचा मुक्काम लागत नाही.

आता जनुकांकडे येते, कारण आपला सर्वात बळकट वाटणारा मुद्दा तिथे आहे. चाळीस वर्षांत जनुके बदलली नाहीत, हे निःसंशय खरे. पण आपण दोन वेगळे प्रश्न एकत्र केले आहेत. समाजाचे सरासरी वजन का वाढले, हा एक प्रश्न; आणि त्याच समाजात, त्याच गल्लीत, त्याच घरात एकाचे वाढले आणि दुसऱ्याचे का वाढले नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर परिस्थितीत आहे, यावर आपले-माझे भांडणच नाही. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी 20 जणांना महिनाभर संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे अन्न मनसोक्त खाऊ दिले, तेव्हा पहिल्या प्रकारात ती माणसे रोज सुमारे 500 किलोकॅलरी जास्त खाऊन गेली, आणि कुणालाही ‘आज जास्त खावे’ असे सांगितलेले नव्हते. चहाबरोबर बिस्किटांचा पुडा, मुलांच्या हातात कुरकुऱ्यांचे पाकीट आणि दारात दुचाकी आली, की गावाची सरासरी सरकणारच.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र डेन्मार्कमधील दत्तक मुलांनी दिले आहे. अल्बर्ट स्टंकार्ड आणि सहकाऱ्यांनी 1986 साली तेथील 540 दत्तक गेलेल्या प्रौढांची वजने त्यांच्या जन्मदात्या आणि दत्तक आईवडिलांच्या वजनांशी ताडून पाहिली. ज्यांच्या घरी ती मुले जेवली-खाल्ली, ज्यांच्या सवयी पाहत मोठी झाली, त्यांच्या वजनाशी त्यांचा संबंध आढळला नाही. ज्यांच्या हातचा घासही कदाचित त्यांनी खाल्ला नव्हता, त्यांच्याशी तो ठळक आढळला. आणि हा संबंध केवळ स्थूल टोकाला नव्हता, तर अगदी कृश माणसांपासून अगदी स्थूल माणसांपर्यंत सलग होता. ब्रिटनमध्ये सदफ फारुकी यांच्या गटाने 2019 साली 1622 निरोगी सडपातळ व्यक्तींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांतील जवळजवळ तीन-चतुर्थांश लोकांच्या घराण्यातच सडपातळपणा होता. आपल्याकडे ‘त्यांची अंगकाठीच तशी’ असे म्हणतात, ते निरीक्षण म्हणून अगदी अचूक आहे.

पण मला विशेष महत्त्वाचे वाटते ते हे, की वजनाशी निगडित असलेली जी जनुके आजवर नीट समजली आहेत, त्यांतील बरीच मेंदूत काम करतात आणि त्यांचा परिणाम भुकेवर होतो. केंब्रिजमध्ये 1997 साली दोन चुलत भावंडांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. आठ वर्षांच्या मुलीचे वजन 86 किलो होते, दोन वर्षांच्या मुलाचे 29 किलो. चरबीतून रक्तात जाऊन ‘साठा पुरेसा आहे’ हा निरोप मेंदूला देणारे लेप्टिन हे संप्रेरक त्यांच्या शरीरात जवळजवळ तयारच होत नव्हते. ही मुले अन्नासाठी आकांत करत. पुढे अशा मुलांना लेप्टिनची इंजेक्शने सुरू केल्यावर त्यांची भूक काही दिवसांतच उतरली आणि वजनही उतरत गेले. हा विकार अत्यंत दुर्मीळ आहे आणि सामान्य स्थूलतेत लेप्टिनच्या इंजेक्शनांचा तसा उपयोग होत नाही, हे आवर्जून सांगते, नाहीतर कोणीतरी औषधाच्या दुकानात चौकशी करील. मात्र ज्याला आपण अधाशीपणा म्हणतो, तो एका रेणूच्या अभावाने येऊ शकतो आणि तो रेणू दिल्यावर जाऊ शकतो, हे या मुलांनी दाखवून दिले. हीच गोष्ट सौम्य प्रमाणात सर्वांमध्ये कमी-अधिक असते. दुसरी पोळी संपल्यावर मला तिसरी समोर दिसतही नाही. माझ्या बहिणीला ती दिसते, तिच्याकडे पाहून ‘नको’ म्हणावे लागते, आणि हे ‘नको’ रोज दोन्ही वेळा, वर्षानुवर्षे म्हणावे लागते. आपण जिभेवर ताबा ठेवलात हे मी नाकारत नाही. पण आपल्या भुकेचा जोर किती होता हे मोजल्याशिवाय ताबा किती मोठा होता, हे ठरवता येत नाही.

म्हणून प्रयत्न करू नयेत, असे मी मूळ लेखातही म्हटले नव्हते. बुशार यांच्या प्रयोगात कमी वाढणारेही वाढले. त्याच न्यायाने प्रयत्नांचा उपयोग सर्वांना होतो, फक्त सारखा होत नाही.

राहिला आपल्या लहानपणीच्या गावाचा मुद्दा. आपले गाव पुणे जिल्ह्यातले, असे आपण लिहिले आहे, म्हणून हा भाग अधिक सविस्तर लिहिते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. त्या बाळांचे जन्मवजन सरासरी 2.7 किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बाळांचे 3.5 किलो. वजन कमी, अंगावर बाळसे नाही. तेव्हा चरबीही त्याच प्रमाणात कमी असेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीयुक्त, अशी ही घडण जन्मापासूनची आहे. स्वतः याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले: दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आपल्या आठवणीतल्या गावात जाड माणूस नव्हता, हे मी मान्य करते. ती सगळी माणसे आतूनही निरोगी होती, हे नुसत्या डोळ्यांना दिसणे शक्य नव्हते. आणि त्याच घडणीच्या शरीरांना पुढे मुबलक अन्न व बैठे काम मिळाल्यावर मधुमेह किती सहज जडला, हे आपण दोघेही आपापल्या नात्यागोत्यात पाहत असू.

यामुळे आपल्या 58 किलोंविषयी आणि माझ्या 46 किलोंविषयी एक विनंती आहे. काट्यावरचा आकडा आपल्यासारख्या शरीरांविषयी फार कमी सांगतो. शिंप्याकडची साधी टेप घेऊन कंबर मोजावी; भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी 80 सेंटीमीटर ही मर्यादा मानली जाते. त्याबरोबर उपाशीपोटीची साखर तपासून घ्यावी. माझी कंबर गेल्या महिन्यात 79 सेंटीमीटर भरली आणि साखर सीमारेषेवर आली. थोरल्या बहिणीचे वजन माझ्याहून 27 किलोंनी जास्त आहे आणि तिची साखर अगदी व्यवस्थित आहे. ती रोज पहाटे तासभर चालते, मी चालत नव्हते, कारण मला कोणी कधी चाल म्हणाले नाही.

मूळ लेखातील ‘कितीही खाल्ले तरी’ हे शब्द मी आज काढून टाकले आहेत आणि दुरुस्ती आपल्या प्रतिक्रियेमुळे केल्याची नोंद तिथेच केली आहे. बाकीचा लेख तसाच ठेवत आहे.