पिसवा परत आल्या म्हणून रागावलेल्या ताईंना

ताई, तुमची कमेंट वाचली, आधी जरा लागलीच, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं असं की मांजराच्या पिसवांवर मी लिहिलेलं वाचून आठ दिवस रोज फणी फिरवली, चादरी धुतल्या, मांजर साफ झालं आणि पंधरा दिवसांनी पिसवा जशाच्या तशा. म्हणजे घरगुती उपाय नुसता टाइमपास, आणि वर मी कडुनिंबाचं तेल, कापूर, लिंबू ह्या आजीच्या काळातल्या गोष्टींना पण नाही म्हणते, मग नॅचरल उरलंच काय.

पहिली तक्रार कबूल. मी 'काही दिवस करा' असं लिहून मोकळी झाले, तिथेच घोळ झाला. अहो, अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे सगळ्या पसाऱ्यातल्या ५ टक्क्यांच्या आसपास, बाकी अंडी, अळ्या आणि कोष घरातच असतात. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते आणि ती केसांना चिकटून राहत नाहीत, आमची मनी मांजर जिथे लोळेल तिथे मिठासारखी गळतात. त्यात कोष महाहट्टी, धुळीत महिनोन्महिने पडून राहतो आणि माणसांच्या चालण्याचा हादरा, अंगाची ऊब लागली की फुटतो. आम्ही एकदा दिवाळीत मनीला बहिणीकडे ठेवून ग्वाल्हेरला गेलो होतो, आठ दिवसांनी इंदूरला येऊन कुलूप उघडलं तर ह्यांच्या पांढऱ्या मोज्यांवर काळे ठिपके टणाटण उड्या मारतायत! तुमच्या पंधरा दिवसांनी आलेल्या पिसवा पण अशाच, नव्या फुटलेल्या. निदान तीन महिने धरा आता.

दुसरी तक्रार मात्र मान्य नाही. मांजर दिवसभर स्वतःला चाटतं, म्हणजे अंगाला लावलेलं सगळं पोटात. आणि लवंग, टी ट्री, लिंबाच्या सालीचं तेल असल्या गोष्टी पचवून बाहेर टाकायला लागणारं एन्झाइम मांजराच्या लिव्हरमध्ये फार कमी असतं, आपल्याला चालतं ते त्याला विष होतं. कापूरही तसाच. लसूण खाऊ घातला तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आणि आजीचं म्हणाल तर माझी आजी कडुनिंबाचा पाला गव्हाच्या कोठीत घालायची, मांजराला तेल चोळताना मी तरी तिला पाहिलं नाही. बाजारातलं सगळं चांगलं असंही नाही बरं का, कुत्र्यांच्या पर्मेथ्रिनवाल्या (हे एक कीटकनाशक) औषधाने मांजर मरू शकतं.

फणी कशी फिरवता ते पण बघा. लिखा काढायची बारीक दातांची घ्या, मानेमागे आणि शेपटीच्या बुडाशी सावकाश फिरवा, शेजारी वाटीत साबणाचं पाणी ठेवा (साध्या पाण्यातून पिसू उडी मारून पळते, साबणाच्या पाण्यात बुडते). फणीत काळी पूड निघाली तर ओल्या कापसावर ठेवा, तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची शी, म्हणजे मनीचंच पचलेलं रक्त. अळ्या त्याच्यावरच जगतात, म्हणून तिचं अंथरूण आठवड्याला उकळत्या पाण्यात टाकायचं आणि व्हॅक्यूम असेल तर तो रोज, पिशवी लगेच बाहेर.

एवढं करूनही पावसाळ्याच्या दमट हवेत मी एकदा हरलेच, गुपचूप डॉक्टरकडून मांजरांचे ड्रॉप्स आणले, त्यात कसली लाज. पिल्लू असेल आणि हिरड्या पांढुरक्या दिसत असतील तर फणीच्या भरवशावर बसूच नका, पिसवा रक्त पिऊन पिल्लू मारतात. शेपटीखाली तांदळासारखे कण दिसले तर तो पट्टकृमी (आतड्यातला चपटा जंत), पिसू गिळल्याने होतो, त्याचं औषध वेगळं.

तेल किंवा कापूर लावून झालं असेल तर आजच कोमट पाण्याने आणि भांड्याच्या सौम्य साबणाने धुऊन टाका, लाळ गळत असेल किंवा चालताना झोक जात असेल तर आधी डॉक्टर. आणि हो, चादरी धुतल्या म्हणता, दिवाणाखाली काय पसरलंय ते लिहिलंच नाहीत. तिथे एकदा टॉर्च मारून बघा.