फ्रिजवरचे टोमणे आणि फ्रान्सला साकडे

जून 2025 च्या सुरुवातीला, म्हणजे अटलांटिक महासागरातल्या चक्रीवादळांचा हंगाम अधिकृतपणे सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, अमेरिकेच्या ‘फेमा’ या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे तेव्हाचे हंगामी प्रमुख डेव्हिड रिचर्डसन यांनी कर्मचाऱ्यांच्या बैठकीत, देशात चक्रीवादळांचा असा काही हंगाम असतो याची आपल्याला कल्पनाच नव्हती, असे सांगितल्याची बातमी रॉयटर्सने दिली. त्यावर गदारोळ झाला तेव्हा गृहसुरक्षा खात्याने खुलासा केला की, साहेब विनोद करत होते. तो खरोखर विनोद होता की नंतर केलेली सारवासारव होती, हे बैठकीत बसलेल्यांनाच ठाऊक. मात्र ज्याच्या हातात मदतीच्या चाव्या आहेत त्याने केलेला विनोद आणि ज्याच्या घरात कमरेएवढे पाणी शिरले आहे त्याने केलेला विनोद हे एकाच तागडीत तोलता येत नाहीत, आणि आपण समाजमाध्यमांवर नेमके तेच करत असतो.

दर मोठ्या वादळानंतर दोन तट पडलेले दिसतात. एक तट म्हणतो की, माणसे मेली आहेत आणि तुम्हाला विनोद सुचतातच कसे? दुसरा म्हणतो की, हसलो नाही तर वेड लागेल. या दोघांचेही लक्ष हसणाऱ्याच्या मनःस्थितीवर आहे, त्यामुळे हा वाद वर्षानुवर्षे जागच्या जागी फिरत राहतो. मला त्यापेक्षा वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तो विनोद ऐकल्यावर जबाबदार माणूस अधिक ठळक दिसू लागतो, की गर्दीत हळूच दिसेनासा होतो?

2005 चे कत्रिना चक्रीवादळ हे यासाठी सर्वांत चांगले उदाहरण आहे. 29 ऑगस्टला कत्रिना लुईझियानाच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा न्यू ऑर्लिन्स शहर वादळाच्या केंद्राच्या पश्चिमेला, म्हणजे तुलनेने सौम्य बाजूला होते. तरीही शहराचा जवळपास 80 टक्के भाग पाण्याखाली गेला, कारण शहर पावसाने बुडाले नव्हते, ते पूरभिंती कोसळल्यामुळे बुडाले होते. सेव्हन्टीन्थ स्ट्रीट कालवा आणि लंडन अव्हेन्यू कालवा यांच्या भिंती पाणी काठावरून वाहण्याच्या आधीच ढासळल्या. मऊ मातीत पोलादी पत्रे पुरेसे खोल रोवलेले नव्हते आणि आराखड्यातच खोट होती. या भिंती केंद्र सरकारच्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स या विभागाने बांधल्या होत्या आणि 2006 च्या जूनमध्ये त्या विभागाने आपली चूक मान्यही केली. तेथील अनेक रहिवासी आजही त्या घटनेला वादळ न म्हणता ‘केंद्र सरकारने आणलेला पूर’ म्हणतात, आणि हा शब्दप्रयोग भावनेच्या भरात केलेला नसून अभियांत्रिकीच्या दृष्टीनेही अचूक आहे.

लोक परतू लागले तेव्हा त्यांच्यापुढे पहिले संकट उभे राहिले ते स्वयंपाकघरातल्या फ्रिजचे. ऑगस्टच्या उकाड्यात वीज कित्येक आठवडे नव्हती आणि आत मांस, मासे, कोळंबी सडून गेलेली होती. दार उघडण्याची कोणाची छाती होईना, म्हणून लोकांनी फ्रिजभोवती चिकटपट्टीचे वेढे दिले, ते जसेच्या तसे ढकलत फुटपाथवर आणून ठेवले आणि त्यांच्या पांढऱ्या दारांवर रंगाने लिहायला सुरुवात केली. कोणी फेमाचे नाव घेऊन दुर्गंधीचा उगम सांगितला. शहराचा लाडका फुटबॉल संघ टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला हलवण्याच्या चर्चेमुळे लोकांच्या रोषाला पात्र झालेले संघमालक टॉम बेन्सन आतच आहेत, असे जाहीर करणारे फ्रिज तर प्रसिद्धच झाले. शहरभर रस्त्यांच्या कडेला अशी दारे आठवडेच्या आठवडे उभी होती. वर्तमानपत्र मिळत नव्हते, वीज नव्हती, दूरध्वनीचा भरवसा नव्हता, आणि तरीही राजकीय भाष्य घरोघरी चालू होते. त्यात वादळाला शिव्या घालणारे कोणी फारसे नव्हते, टोमण्यांच्या निशाण्यावर माणसे आणि संस्था होत्या. फेमाचे तत्कालीन प्रमुख मायकल ब्राउन हे त्या संस्थेत येण्यापूर्वी अरबी घोड्यांच्या एका संघटनेत काम करत होते आणि राष्ट्राध्यक्ष बुश यांनी 2 सप्टेंबरला सर्वांसमक्ष त्यांची पाठ थोपटली होती. पुढे दहाच दिवसांत ब्राउन यांना राजीनामा द्यावा लागला. फेमाच्या प्रमुखाकडे आपत्ती व्यवस्थापनाचे ज्ञान असलेच पाहिजे अशी अट 2006 च्या कायद्याने घातली ती याच अनुभवातून. आपत्ती व्यवस्थापन हे ज्यांचे क्षेत्रच नाही अशा माणसाकडे हंगामी म्हणून कारभार सोपवला की ती अट आडवी येत नाही, हे 2025 ने दाखवून दिले.

भविष्याचे चित्र रंगवण्याचे काम तेव्हा दोन ठिकाणी चालू होते. एक चित्र अधिकृत होते. महापौर रे नेगिन यांनी नेमलेल्या आयोगाच्या योजनेतला नकाशा 11 जानेवारी 2006 रोजी ‘टाइम्स-पिकायून’ या स्थानिक दैनिकात छापून आला आणि त्यावर काही वस्त्यांच्या जागी मोठमोठे हिरवे ठिपके होते. पुढे मागे तेथे उद्याने होऊ शकतील असा त्या ठिपक्यांचा अर्थ होता, आणि आपली वस्ती पुन्हा उभी राहण्यासारखी आहे हे रहिवाशांनीच सिद्ध करावे, अशी अपेक्षा होती. त्या वेळी ते रहिवासी ह्यूस्टन, अटलांटा, बॅटन रूज अशा ठिकाणी पांगलेले होते. आपले घर सकाळच्या पेपरात हिरव्या ठिपक्याखाली गाडले गेलेले पाहणे म्हणजे काय, याची कल्पना धरणग्रस्तांच्या महाराष्ट्राला वेगळी करून द्यायला नको. ब्रॉडमूर या वस्तीने त्या ठिपक्याविरुद्ध कंबर कसली, घरोघरी ‘ब्रॉडमूर जिवंत आहे’ असे फलक लावले, स्वतःचा पुनर्बांधणीचा आराखडा तयार केला आणि वस्ती परत वसवून दाखवली.

दुसरे चित्र थट्टेचे होते आणि माझ्या मते दोहोंत अधिक प्रामाणिक तेच होते. फेब्रुवारी 2006 मध्ये, कत्रिनानंतरच्या पहिल्या मार्डी ग्राच्या दिवसांत, उपहासासाठी नावाजलेल्या ‘क्रू दु व्यू’ या मंडळाची खेचरांनी ओढायच्या रथांची मिरवणूक जुन्या फ्रेंच वस्तीतून निघाली. (गोव्याचा कार्निव्हल आणि हा सण मुळात एकच, दोन्ही उपवासाच्या चाळीस दिवसांआधीचे.) आपल्याकडच्या शिमग्यातल्या सोंगांसारखीच तेथेही सोंगे होती. छपरांवर ताणलेल्या निळ्या ताडपत्र्यांचेच लोकांनी पोशाख शिवून घेतले होते आणि काही सोंगाडे फ्रान्सच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांना साकडे घालत होते की, शिराकसाहेब, आम्हाला परत विकत घ्या! नेपोलियनने 1803 मध्ये लुईझियानाचा अफाट प्रदेश दीड कोटी डॉलरला अमेरिकेला विकला होता. दोनशे वर्षे ज्याच्या पदरी काढली त्याने पूरभिंतही धड बांधून दिली नाही, तेव्हा जुन्या मालकाकडेच परत जातो, हा त्या थट्टेतला हिशोब.

हे भविष्य कधीच प्रत्यक्षात येणार नव्हते आणि म्हणणाऱ्यांनाही ते पुरते ठाऊक होते. पण त्या काल्पनिक सौद्यात कोण कोणाचे देणे लागतो हे लख्ख दिसत होते. हिरव्या ठिपक्यांच्या नकाशात तेच तेवढे दिसत नव्हते, कारण तेथे सिद्ध करण्याचा भार बुडालेल्यांवर टाकलेला होता आणि बुडवणारी भिंत नकाशाच्या चौकटीबाहेर होती.

अर्थात विनोदाने निवडणुका जिंकता किंवा हरवता येत नाहीत. जानेवारी 2006 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग दिनी महापौर नेगिन यांनी न्यू ऑर्लिन्स पुन्हा ‘चॉकलेट’ शहर होईल, म्हणजे कृष्णवर्णीयांचे बहुमत टिकेल, असे विधान केले आणि त्यावर टीशर्टांपासून मिरवणुकीतल्या देखाव्यांपर्यंत थट्टेचा पूर आला. त्याच वर्षी मे महिन्यात नेगिन पुन्हा निवडूनही आले. त्यांना खाली खेचले ते कोणत्याही सोंगाने नाही, तर भ्रष्टाचाराच्या खटल्याने, आणि तेही 2014 मध्ये, पद सोडून चार वर्षे झाल्यावर.

2024 च्या सप्टेंबरअखेरीस हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागाची दैना केली, तेव्हा मात्र इंटरनेटवरची थट्टा भलत्याच वाटेला गेली. ॲशव्हिल हे गाव हवामानबदलापासून सुरक्षित ठिकाण म्हणून नावाजले जात होते. त्याच गावात पिण्यायोग्य नळाचे पाणी परत यायला 18 नोव्हेंबर उजाडला. देशाच्या हवामान नोंदींचे मोठे केंद्रही तेथेच आहे, आणि पुरानंतर त्याचीच सेवा बंद पडली. एवढा कच्चा माल समोर असताना अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर गाजले ते काय, तर सरकारच वादळे घडवते. जॉर्जियाच्या एका महिला खासदारांनी ‘ते’ हवामान नियंत्रित करू शकतात असे लिहिले, आणि त्यांच्याच पक्षाचे स्थानिक खासदार चक एडवर्ड्स यांना वादळ कोणी बनवू शकत नाही, असे जाहीर पत्रक काढून सांगावे लागले. धमक्यांमुळे फेमाच्या कर्मचाऱ्यांचे घरोघरी जाणे काही काळ थांबले. ‘ते’ या सर्वनामात कोणीही येतो, म्हणूनच प्रत्यक्षात कोणीच सापडत नाही. बांधकामाला परवानगी देणारा, नदीकाठ विकणारा, पाइपलाइनचा खर्च पुढे ढकलणारा अशा सगळ्यांची त्यात सोय होते.

आता आपल्याकडे येऊ. कत्रिनाच्या जेमतेम महिनाभर आधी, 26 जुलै 2005 रोजी, सांताक्रूझ वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. सप्टेंबर उजाडला तेव्हा ऑफिसांतल्या संगणकांवर एक इंग्रजी मेल फिरू लागला. माझ्या पिढीतल्या नोकरदारांना तो नक्की आठवेल. त्यात दोन रकाने होते, एकीकडे न्यू ऑर्लिन्स आणि दुसरीकडे मुंबई. तिकडचा पाऊस कमी, आपला 37 इंच. तिकडची वस्ती पाच लाखांच्याही आत, आपली सव्वा कोटीच्या घरात. तिकडे लुटालूट आणि गोळीबार अगणित, आपल्याकडे शून्य. दोन दिवसांनी तिकडचे शहर पाण्यातच, आपली मुंबई कामावर हजर. आणि शेवटी, जागतिक महासत्ता कोण आणि तिसऱ्या जगातले कोण, असा खोचक सवाल. लोकांनी तो अभिमानाने एकमेकांना पाठवला.

तो रकाना मुळातूनच चुकीचा होता. पावसाची तुलना पावसाशी केली होती, पण न्यू ऑर्लिन्सला पावसाने बुडवलेच नव्हते, आणि बशीसारख्या खोलगट शहरात फुटलेल्या भिंतींतून शिरलेले पाणी ओहोटीबरोबर निघून जात नाही, ते पंपांनी उपसावे लागते. लुटालुटीच्या आणि लोकांनी आसरा घेतलेल्या ‘सुपरडोम’ या स्टेडियममधल्या खुनांच्या बहुतेक कहाण्या अफवा निघाल्या, आणि हे त्याच सप्टेंबरअखेर तेथील वार्ताहरांनी छापूनही आणले. उलट डॅन्झिगर पुलावर निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या त्या पोलिसांनी. आपल्या रकान्यातला मृतांचा आकडाही असा लहान होता की, त्यात साकीनाक्याची दरड मावणार नव्हती, आणि महाड तालुक्यातली जुई, दासगाव ही दरडीखाली गेलेली गावे तर त्याच्या गावीही नव्हती. त्या पावसात राज्यात हजाराच्या आसपास माणसे गेली.

चुकीची माहिती एक वेळ सोडून देता येईल, मला राग आहे तो त्या मेलमधल्या सोयीचा. मुंबईकर दोनच दिवसांत चिखलातून कामावर गेला, हे खरेच आहे. रोजंदारी बुडाली असती तर खायचे काय, हेही त्यामागे होते. पण त्या जाण्याचे ‘स्पिरिट’ असे नामकरण झाले आणि त्याच क्षणी महापालिका, राज्य सरकार आणि नियोजन प्राधिकरणे यांचे ओझे हलके झाले. पर्जन्यजलवाहिन्या वाढवण्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल 1993 पासून तयार होता. मिठी नदीचा प्रवाह विमानतळाच्या धावपट्टीजवळ वळवला गेला होता आणि वांद्रे-कुर्ला संकुलाच्या भरावाने तिची खाडी आकसली होती. या पुराची कारणे शोधणाऱ्या माधव चितळे समितीचा अहवाल 2006 मध्ये आला, त्याआधीही हे जाणकारांना ठाऊक नव्हते असे नाही. पण मेलमध्ये मिठीचे नावच नव्हते. न्यू ऑर्लिन्सच्या माणसाने स्वतःच्या सरकारची लाज काढण्यासाठी फ्रान्सकडे धाव घेतली, आणि आपण आपल्या सरकारची लाज झाकण्यासाठी न्यू ऑर्लिन्सकडे बोट दाखवले.

आजही मुंबई तुंबली की मोबाइलवर येणाऱ्या विनोदांत होडीने लोकलला जाणारे, व्हेनिसशी तुलना करणारे, ‘घरपोच समुद्रदर्शन’ सांगणारे विनोद भरपूर असतात आणि मी त्यांना हसतोही. पण त्यांत अभियंत्याचा हुद्दा, नाल्याचे नाव, कंत्राटाचे वर्ष क्वचितच असते. रेडिओ निवेदिका मलिष्काच्या 2017 च्या गाण्याने थेट महापालिकेलाच चिमटा काढला, तेव्हा सत्ताधाऱ्यांना तो केवढा झोंबला होता, हे आठवून पाहावे.

कोणाकडे 2005 चा तो दोन रकान्यांचा मेल जपून ठेवलेला असल्यास येथे टाकावा, मला त्यातल्या सगळ्या ओळी पुन्हा वाचायच्या आहेत. आणि 26 जुलैनंतरच्या त्या आठवड्यात मिठीवर, धावपट्टीवर किंवा एखाद्या खात्यावर नाव घेऊन केलेला एखादा विनोद कोणाला आठवत असेल, तर तोही लिहावा. मला अजून तरी एकही सापडलेला नाही.