अर्ज घेता ना? मग पोच द्या!

माझ्या झेरॉक्सवर एक शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही. एवढंच मागतेय. मिनिटभराचंही काम नाही. आणि पुण्यातल्या सरकारी खिडक्यांवर मला आजवर सगळ्यात जास्त भांडावं लागलंय ते याच शिक्क्यासाठी. काम होणं पुढची गोष्ट, अर्ज दिलाय हे सिद्ध करणारा कागद हातात पडावा म्हणून भांडायचं. डोकं फिरतं अक्षरशः.

वडील गेल्यावर घराच्या नोंदीत आईचं नाव लावायचं होतं. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून तिथेच आहे आणि ते आणखी लटकवायला त्यांना एवढं निमित्त पुरेल. मृत्यूचा दाखला, भावंडांची संमतीपत्रं, आधार, सगळं क्रमाने लावून, पानांवर आकडे टाकून नेलं. खिडकीतल्या माणसाने वरवर चाळलं आणि म्हणाला, "ठेवून जा मॅडम, साहेब बघतील." पोच मागितली तर म्हणे, "पोच कशाला? आमच्याकडे काही हरवत नाही." आवक-जावकच्या टेबलावर गेले तर तिथे, "आधी साहेबांकडून मार्क करून आणा." साहेब साईटवर. कुठली साईट, परत कधी येणार, कोणालाच माहीत नाही.

आई सोबत होती. गुडघे दुखतात तिचे, लिफ्ट बंद म्हणून एकेक पायरी थांबत थांबत चढली. बाकावर फायलींचे गठ्ठे, त्यामुळे भिंतीला टेकून उभी. तिला एक जण म्हणतो, "आजी, तुम्ही कशाला आलात? घरच्यांना पाठवायचं ना." अहो, आदल्या खेपेला याच खिडकीने सांगितलं होतं की अर्जदाराला समक्ष आणा! म्हणून तिला रिक्षात घालून आणली. आई काही बोलली नाही, पण मला तिच्याकडे बघवेना.

पुढच्या वेळी चौकशीला गेले तेव्हा पहिला प्रश्न काय विचारला असेल? "पोच आहे का?"

हे गलथानपणाने होतं असं मी मानत नाही. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. अधिसूचित सेवा किती दिवसांत द्यायची ते ठरलेलं, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी ठरलेला, नाही दिली तर पहिलं अपील, दुसरं अपील, त्यावर आयोग. अर्ज नाकारायचा तर कारण लेखी द्यायचं. विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. चांगला कायदा आहे. पण त्यातले दिवस मोजायला सुरुवात होते अर्ज पोचल्यापासून, आणि अर्ज पोचल्याचा पुरावा म्हणजे पोच. ती दिली नाही की मुदत सुरूच होत नाही. ना उशीर, ना अपील, ना दंड. सगळा कायदा त्या एका शिक्क्यावर उभा आहे आणि शिक्का टेबलाच्या ड्रॉवरमध्ये कुलपात.

सेवांची यादी, मुदत आणि अधिकाऱ्याचं पद लिहिलेला फलक दर्शनी भागात लावायचा हेही कायद्यातच आहे. तो फलक एकदा शोधून बघा. मला मिळाला तेव्हा त्याच्यासमोर लोखंडी कपाट उभं होतं आणि पदाच्या रकान्यातला अर्धा मजकूर त्यामागे गेलेला.

ऑनलाइन करा म्हणतात. केलं की. ऑनलाइन अर्जाला लगेच क्रमांक मिळतो, मोबाईलवर मेसेजही येतो, माणसाला वाटतं सुटलो. मग फोन येतो की हार्ड कॉपी आणून द्या. का? स्कॅन दिसत नाही. आणि ती हार्ड कॉपी कुठे द्यायची? त्याच खिडकीत, आणि तिची पोच मिळत नाही. काही दिवसांनी ऑनलाइन अर्जापुढे दिसतं, कागदपत्रं अपूर्ण. ओळखीतले काही जण म्हणूनच आता अर्ज हाताने देत नाहीत, स्पीड पोस्टाने पाठवतात. दहा मिनिटांच्या अंतरावरच्या कार्यालयाला! पोस्टाची पावती तरी हातात राहते.

प्रतिज्ञापत्राचंही तेच. "पाचशेच्या स्टँपवर करून आणा," असं सहज तोंडावर फेकतात. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क राज्य सरकारने २००४ सालीच माफ केलंय. खिडकीत हे सांगितलं तर उत्तर मिळतं, "आमच्याकडे असं चालत नाही." लेखी द्या म्हटलं की गप्प. लिहून काहीच द्यायचं नाही, सगळं तोंडी. आणि आमच्याकडून मात्र श्वास घेतला तरी त्याचा दाखला हवा.

मिळकत कराची सवलत आठवा. स्वतः राहत असलेल्या घरासाठी पुणेकरांना १९७० पासून ४० टक्के सवलत होती. ती काढली, २०१९ नंतर नोंद झालेल्या घरांना पूर्ण दराची बिलं आली, ओरड झाली, २०२३ मध्ये सवलत परत आली. ज्यांची गेली होती त्यांनी काय करायचं? सवलतीसाठीचा पीटी-३ नावाचा अर्ज भरा, सोबत आपण आपल्याच घरात राहतो याचे पुरावे जोडा. कर आकारणार महापालिका, सवलत काढणार सरकार, आणि कागद गोळा करायचे आपण. उलट बाजूने बघा. कर थकला तर महिन्याला २ टक्के शास्ती लागते. ती लावताना कोणी विचारतं का, बाई, बिल तुम्हाला पोचलं का, त्याची पोच आहे का? त्यांचं घड्याळ आपोआप चालतं. आमचं सुरू व्हायला शिक्का लागतो.

माणसं कमी आहेत, हे मला मान्य आहे. २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३, शहर सुटलंय नुसतं. एका टेबलावर तिघांचं काम असेल, जागा रिकाम्या असतील, निवडणूक लागली की निम्मे लोक तिकडे जात असतील. या सगळ्यासाठी काम उशिरा झालं तर मी समजून घेईन. पण पोच न देण्याचं कारण हे असूच शकत नाही. अर्ज हातात घेणारा माणूस समोर बसलेला असतो. तोच हात शिक्क्याकडे जायला मनुष्यबळ लागत नाही.

आणि सांगायचं कोणाला? मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि नंतर जवळजवळ चार वर्षं शहराचा कारभार प्रशासकाकडे. एवढ्या मोठ्या शहरात हक्काने दार ठोठवावं असा एक लोकप्रतिनिधी त्या काळात महापालिकेत नव्हता! आधीचे नगरसेवक फार ग्रेट होते असं अजिबात नाही, पण निदान फोन करायचे, "अहो, त्या काकूंचं बघा जरा." खरं तर काम तशा फोनाशिवायच व्हायला हवं. फोनवर होणारं काम म्हणजे ज्याची ओळख नाही त्याच्यावरचा अन्यायच.

आता जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. १६५ नगरसेवक निवडून आलेत, चौकाचौकात फ्लेक्स लागले, हार झाले, पेढे झाले. सुशोभीकरणाच्या, कमानीच्या, बाकड्यांवर नाव टाकण्याच्या आधी एवढं करून दाखवा. पंधराच्या पंधरा क्षेत्रीय कार्यालयांत, कर घेणाऱ्या, दाखले देणाऱ्या प्रत्येक खिडकीवर शिक्का आणि शाईचं पॅड बाहेर दिसेल असं ठेवायला लावा. फलकासमोरची कपाटं हलवायला लावा. शहरातली राज्य सरकारची जी कार्यालयं तुमच्या अखत्यारीत येत नाहीत, त्यांच्याबद्दल आमदारांच्या मागे लागा. आणि पोच नाकारली तर ती कोणी, कुठल्या टेबलावर, कोणत्या तारखेला नाकारली हे नागरिकाला लिहिता येईल अशी एक वही प्रत्येक कार्यालयाच्या दारात ठेवा, आणि दर महिन्याला ती सर्वसाधारण सभेत वाचून दाखवा.