‘.45 लागली की माणूस सहा फूट मागे उडतो’ : एका फॉरवर्डचा प्रतिवाद

रविवार पेठेत सराफी पेढी चालविणाऱ्या माझ्या मामांकडे अनेक वर्षांपासून परवान्याचे .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर आहे. गेल्या आठवड्यात त्यांच्या व्यापारी ग्रुपवर ‘स्वसंरक्षणासाठी योग्य कॅलिबर’ असा लांबलचक मजकूर आला (कॅलिबर किंवा बोअर म्हणजे नळीचा व तिच्यातून जाणाऱ्या गोळीचा व्यास; .32, .45 हे आकडे इंचांतले), आणि मामांनी तो मला पाठवून खाली एवढेच विचारले : “आपले बदलून टाकावे काय?” बालेवाडीच्या रेंजवर काही वर्षे .22 पिस्तुलाने नेमबाजी केल्यामुळे घरात असे प्रश्न माझ्याकडेच येतात. एरवी मी हसून सोडून दिले असते. परंतु त्या मजकुराच्या शेवटी ‘ओळखीने 9 एमएम सहज मिळते, परवाना तोच चालतो’ असे वाक्य होते, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

त्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. परवाना तोच चालत नाही. आपल्या कायद्यात 9 एमएम आणि .45 रिमलेस (बुडाशी बाहेर आलेली कड नसलेले काडतूस वापरणाऱ्या) या पिस्तुलांचा समावेश प्रतिबंधित बोअरमध्ये होतो; केंद्र सरकारच्या विशेष परवानगीवाचून सामान्य नागरिकाला ती बाळगता येत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर असे शस्त्र बेकायदा बाळगल्यास किमान सात आणि कमाल चौदा वर्षे कारावास होऊ शकतो. ज्या दोन कॅलिबरांची तुलना करण्यात त्या मजकुराने तीन परिच्छेद खर्ची घातले, ती दोन्ही वाचणाऱ्याला घेताच येत नाहीत, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल तर तो अडाणी आहे, आणि ठाऊक असेल तर त्याहून वाईट.

आता .45 ची गोळी लागून सहा फूट उडणाऱ्या, त्या मजकुरातल्या माणसाकडे वळू. .45 ची नेहमीची गोळी 230 ग्रेन, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम वजनाची असते आणि नळीतून साधारण 255 मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते. वस्तुमान गुणिले वेग हा दहावीतला हिशेब केला, तर सत्तर किलोच्या माणसाला त्या गोळीमुळे मिळणारा वेग सेकंदाला साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास येतो. देवघरात पाट सरकवतानाही आपण याहून अधिक वेग देत असू. शिवाय न्यूटनचा तिसरा नियम दोन्ही बाजूंना सारखाच लागू असतो. समोरचा सहा फूट उडणार असेल, तर गोळी झाडणारे मामाही पेढीच्या गल्ल्यावर जाऊन आदळले पाहिजेत. माणूस कोसळतो तो मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाल्याने, पुष्कळ रक्तस्राव झाल्याने, अथवा निव्वळ भीतीने. धक्क्याने नव्हे.

‘एफबीआयनेच (अमेरिकेची केंद्रीय तपास संस्था) 9 एमएम टाकून दिले’ हा मजकुरातला दावा अर्धा खरा आहे, आणि तेवढा मान्य करावा लागतो. 11 एप्रिल 1986 रोजी मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. हल्लेखोराला लागलेली 9 एमएमची एक गोळी हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच थांबली होती. त्यानंतर चाचणीसाठी मांसाच्या जागी वापरल्या जाणाऱ्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी 12 ते 18 इंच शिरली पाहिजे, असा निकष त्या संस्थेने रूढ केला आणि ती आधी 10 एमएमकडे व मग .40 कडे वळली. मजकूर सोयीस्करपणे येथेच थांबतो. 2014 मध्ये त्याच एफबीआयच्या प्रशिक्षण विभागाने एका टिपणात पुन्हा 9 एमएमचा पुरस्कार केला, कारण सुधारित गोळ्यांमुळे या कॅलिबरांनी होणाऱ्या जखमांमध्ये सांगण्याजोगा फरक उरला नव्हता, 9 एमएमचा झटका कमी होता आणि मॅगझिनमध्ये अधिक काडतुसे मावत होती. प्रत्यक्ष चकमकीत पोलिसांच्या 70 ते 80 टक्के गोळ्या चुकतात, हेही त्याच टिपणात नोंदवले आहे. चुकलेल्या गोळीचे कॅलिबर काय होते याला काही अर्थ नसतो.

‘आकडा मोठा तितकी गोळी मोठी’ या विधानावर फार वेळ घालवत नाही. .38 स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची गोळी प्रत्यक्षात .357 इंच, म्हणजे 9.1 मिलिमीटर व्यासाची असते. 9 एमएमची जवळपास तेवढीच. .357 मॅग्नमचा व्यास .38 एवढाच, पण जोर दुपटीहून अधिक.

राहता राहिले ‘.32 म्हणजे खेळणे’. ते काडतूस दुबळे आहे, हे मी नाकारत नाही. त्याची ऊर्जा 9 एमएमच्या साधारण एक तृतीयांश भरते आणि पर्याय असता तर मीही ते सुचवले नसते. मात्र त्याच्या गोळीने माणसे मरतात, आणि खेळणे समजून ते उघड्या खणात ठेवणाऱ्याच्या घरात लहान मुले असू शकतात. महिलांसाठी ‘हलके ते उत्तम’ हा सल्लाही असाच उथळ आहे : काडतूस तेच असेल, तर शस्त्र जितके हलके तितका हाताला बसणारा झटका जास्त.

मामांना मी उलट एकच प्रश्न विचारला : रिव्हॉल्व्हर शेवटचे कधी झाडले होते? बराच वेळ आठवून त्यांनी सांगितले की परवाना हाती आला त्या वर्षी, पाच गोळ्या. उरलेली काडतुसे अजून तीच आहेत.