शुक्रवारी ऑपरेशन, सोमवारी ऑफिस? नाही, बायांनो

बायकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ब्रेस्ट इम्प्लांटचं ऑपरेशन शुक्रवारी करा, सोमवारी ऑफिस गाठा. घरात कुणाला कळत नाही, सूज राहिली तर गरम शेक आणि मालिश, आणि एकदा बसवलं की जन्माची काळजी मिटली. माझ्या धाकट्या बहिणीने हे ऑपरेशन केलं तेव्हा पंधरा दिवस ती माझ्याकडे ठाण्याला होती. का केलं, हा तिचा प्रश्न. नंतर काय होतं ते मात्र मी जवळून पाहिलंय.

आधी सोमवारचं ऑफिस. बाहेरून टाके थोडेसेच दिसतात. आत मात्र इम्प्लांटसाठी जागा केलेली असते, आणि पुष्कळदा ती छातीच्या मोठ्या स्नायूखाली. ढकलताना, ओढताना हाच स्नायू लागतो. तिसऱ्या दिवशी बहिणीला फ्रिजचं दार ओढवत नव्हतं, उशा रचून उताणं झोपायचं आणि उठायला माझा हात लागायचा. बैठ्या कामावर साधारण आठवड्याभराने जाता येतं, कुणाला दोन लागतात. पण ठाणेकर बाईचं काम टेबलाशी सुरू होत नाही, फलाटावर सुरू होतं. सकाळच्या फास्ट लोकलचा लेडीज डबा, हात वर करून धरलेली कडी, छातीवर कुणाचं तरी कोपर. स्वतःची गाडी असली तरी गुंगीच्या गोळ्या चालू असेपर्यंत आणि स्टिअरिंग झटकन फिरवता येईपर्यंत ती चालवायची नाही.

‘घरात कळत नाही’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. लपवलं की घरकाम सुटत नाही. भरलेली बादली, कुकर, वरच्या फळीवरचा डबा, कडेवर यायला रडणारं पोर. जड उचलणं साधारण 4 ते 6 आठवडे बंद असतं, आणि ज्यांना ठाऊकच नाही ते मदतीला येणार कसे? पहिल्या रात्री तर शेजारी जागं माणूस हवंच. आत रक्त साठलं तर बहुतेकदा पहिल्या एक-दोन दिवसांतच साठतं: एकच बाजू भराभर फुगते, टणक होते, ठणका वाढत जातो. सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा, कारण कधी कधी पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. पुढच्या दिवसांत ताप, वाढती लाली, टाक्यांतून पू. किंवा पोटरी दुखणं, धाप लागणं. यातलं काहीही अंगावर काढू नये. बहिणीने चौथ्या दिवशी सासूबाईंना फोनवर सांगून टाकलं. त्या कळव्याहून डबा घेऊन आल्या आणि नातवाला आपल्याकडे घेऊन गेल्या.

शेकाचं थोडक्यात सांगते. ऑपरेशननंतर छातीची कातडी काही आठवडे, कधी महिनेही बधिर असते. गरम पिशवीने भाजलं तरी कळत नाही. आईने प्रेमाने कोमट तेलाची वाटी आणली होती, ती मी परत पाठवली. मालिश काही सर्जन सांगतात, काही मनाई करतात. आपल्या सर्जनने दाखवल्याशिवाय हात लावू नये. आणि मिश्री किंवा तंबाखू असेल तर आधीपासून बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला वेळ लागतो.

जन्माची काळजीही मिटत नाही. इम्प्लांट आयुष्यभर टिकेल असं धरू नका, असं अमेरिकेची एफडीए, म्हणजे तिथली औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्था, स्पष्ट सांगते. सिलिकॉनचे असतील तर त्रास नसला तरी 5-6 वर्षांनी पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि पुढे दर 2-3 वर्षांनी, असा तिचा 2020 पासूनचा सल्ला आहे. 2019 मध्ये खरखरीत पृष्ठभागाचे काही इम्प्लांट, त्यांच्याशी जोडलेल्या एका दुर्मीळ कर्करोगामुळे, जगभरातून परत मागवले गेले. अशा वेळी आपल्या अंगात कोणते आहेत हे सांगणारं, आपल्या हातातलं कागदपत्र म्हणजे ऑपरेशननंतर मिळणारं इम्प्लांट कार्ड, कंपनी आणि सिरियल नंबरासह. ते मागून घ्या. मॅमोग्राफीला गेलात तर आधी सांगा, फोटो वेगळ्या पद्धतीने काढावे लागतात. बहिणीचं कार्ड आधारकार्डाच्या फाइलीत आहे, आणि त्याचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये.